रिकामं चाक

आमच्या दारात गाडी होती, पण तिच्यात बसून कधी कोणी कुठे गेलं नाही. अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून ती उभी असायची आणि तिचे दागिने खाली कारखान्यात भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले असायचे. पुढचा-मागचा बंपर, तोंडावरची जाळी, दिव्यांच्या कड्या, दारांची हँडलं, काचांभोवतीच्या पट्ट्या, सगळं गंजून करडं-तांबूस झालेलं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, ती तरुणपणी भंगारातून उचलली होती. सगळा मुलामा आपल्या हातानं नव्यानं चढवायचा आणि मगच ती बाहेर काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण लोकांच्या गाड्या येत राहिल्या आणि घरची मागे पडत गेली. सासूबाई तिला 'माझी सवत' म्हणायच्या. तिला निदान दर दोन वर्षांनी नवी ताडपत्री तरी मिळते, असं म्हणून त्या स्वतःच्या पदराचं विरलेलं टोक वर धरून दाखवायच्या आणि बाबा ऐकू न आल्यासारखं करून जिना उतरायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, वर्षभरात गाडी निघेल. पुढे सासूबाई गेल्या, माझ्या दोघी मुली आपापल्या घरी गेल्या, तरी खिळ्यांवरचं सामान हललं नव्हतं.

कारखाना हा आपला म्हणायचा शब्द. घराच्या खाली एक लांबट खोली, तिच्या एका भिंतीला ओळीनं हौद. पहिला अॅसिडचा, त्यात जुना मुलामा उतरतो. मग धुण्याच्या पाण्याचा. मग तांब्याचा, निळाशार. त्यानंतर निकेलचा, तो हिरवा. आणि शेवटी क्रोमचा, गडद तपकिरी, त्याच्यावर वाकायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद. समोरच्या भिंतीला मोटरीवर फिरणारं कापडी चाक. लोखंड आधी त्या चाकावर घासायचं. मग त्याच्यावर तांब्याचा जाड थर चढवायचा म्हणजे गंजाने पाडलेले बारीक खड्डे भरून येतात. ते तांबं पुन्हा घासायचं, पुन्हा चढवायचं, खड्डा बोटाला लागेनासा होईपर्यंत. मग चाकावर तांब्याला आरशासारखं करायचं, त्यावर निकेल, आणि सगळ्यात वर क्रोमचा पातळ पदर. लोकांना दिसतो तो शेवटचा पदर. बाबा म्हणायचे, क्रोम म्हणजे नुसती पावडर, अंग तांब्याचं. पुष्कळ ठिकाणी तांबं वगळून सरळ निकेल मारतात. दिसायला सारखंच दिसतं. ओल लागली की फुगतं आणि पापुद्र्यासारखं सुटून येतं. अशी कामं करणाऱ्याला आमच्या घरात शिवीही देत नसत, त्याचं नावच काढत नसत.

माझं काम तारेचं. हौदात सोडायची वस्तू तारेनं बांधून टांगावी लागते, आणि तार जिथे टेकते तेवढ्या टिंबाएवढ्या जागी मुलामा धरत नाही. म्हणून ती जागा अशी शोधायची की पुढे कुणाची नजर तिथे जाऊ नये. मला ते आवडायचं. सकाळची माझी जपाची माळ आटोपली, दिवा लावून झाला की मी खाली जायची ती दुपारच्या जेवणापर्यंत तार वळत बसायची. माळ संपेपर्यंत मी बोलत नाही. तो माझा नेम माहेरापासूनचा. आमच्या ह्यांनी त्याचा विनोद करून ठेवला होता. ज्याला हिच्याशी भांडायचं असेल त्यानं सकाळी यावं, हरायची भीती नाही, असं ते येईल त्याला सांगायचे.

बाबांची तपासायची एक रीत होती. वस्तू शेवटच्या हौदातून निघाली, धुवून पुसून झाली की ते ती तोंडाजवळ धरायचे आणि तिच्यावर मोठ्ठा 'हा' करून श्वास सोडायचे. चकचकीत धातूवर वाफेचा पांढरा डाग उमटायचा. काम नीट झालेलं असलं तर तो डाग कडेकडेनं सारखा आत सरकत नाहीसा व्हायचा. कुठे खड्डा राहिला असेल, तेलकट राहिलं असेल, तर तिथे वाफ अडायची, ठिपके-ठिपके दिसायचे. मग अंगठा फिरवायचा. मग वस्तू एकतर डाव्या हाताला जायची, म्हणजे परत चाकावर, किंवा उजव्या हाताला, म्हणजे गिऱ्हाइकाकडे. बोलणं नाही. फार झालं तर एक शब्द: "जमलं." तो शब्द गावातल्या दुसऱ्या कारागिरांना मिळाला होता. शेजारच्या गॅरेजवाल्याला एका सायलेन्सरच्या सांध्यासाठी मिळाला होता. मला लग्नाच्या पहिल्या वर्षी एका हँडलच्या तारेसाठी मिळाला. आमच्या ह्यांना मात्र कधीच नाही. ह्यांची वस्तू उजवीकडे जायची, बस्स. हे हसून म्हणायचे, "तुला आल्या-आल्या मिळाला. मी अजून रांगेत आहे." हसायचे, पण सांगायचे पुष्कळदा. गाडीचं सामान भिंतीवर पाहिलं की मला कळायचं की त्या रांगेचं टोक तिथे आहे. लोकांचं काम वेगळं. बाबांच्या गाडीला हात लावायचा आणि बाबांनी 'जमलं' म्हणायचं, एवढं एकच ह्यांना हवं होतं.

मग बाबांची छाती गेली. आयुष्यभर हौदांवर वाकलेली छाती. जिना चढणं बंद झालं, मग उतरणं बंद झालं, मग वरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली आणि नाकाला ऑक्सिजनची नळी आली. त्या खिडकीखाली अंगण आणि फरशीखाली कारखाना. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन छातीला झेपणार नाही म्हणून तो तसाच. पण कान शाबूत. पडल्या-पडल्या ते खालचं सगळं ऐकायचे. उशाशी काठी होती, तिनं फरशीवर ठोकायचे. एकदा ठोकलं म्हणजे ठीक. दोनदा म्हणजे कुणीतरी वर या. मी वर गेले की सांगायचे, चाक कोरडं चाललंय, मेण लावायला सांग. किंवा, पट्टा सैल झालाय मोटरीचा. मी खाली येऊन निरोप दिला की हे मान हलवायचे. हा माणूस, म्हणायचे, कानानं बघतो.

त्याच सुमारास ह्यांनी एक दिवस काही न बोलता खिळ्यावरून दिव्याची एक कडी उतरवली.

गिऱ्हाइकांचं काम दुपारपर्यंत, त्यानंतर गाडीचं. कडी झाली की वर जायची. बाबा नळी बाजूला करायचे, छाती भरून घ्यायचे, 'हा' करायचे. श्वास पुरायचा नाही, दोनदा-तीनदा करावं लागायचं. मग अंगठा. मग खाटेच्या उजव्या बाजूला ठेवून द्यायचे. कड्या झाल्या, हँडलं झाली. जाळीनं फार छळलं, तिच्या एकेका दांड्याच्या आतली बाजू घासता-घासता ह्यांच्या बोटांची सालं निघाली. दोन्ही बंपर झाले, ते खोलीत नेता येईनात म्हणून गॅरेजवाल्याच्या मदतीनं जिन्याच्या वरच्या तोंडाशी नेले आणि बाबांना खुर्चीत बसवून दाखवले. बंपरमध्ये बाबांचा चेहरा रुंद होऊन दिसला. गॅरेजवाला म्हणाला, बघा, खाल्लेलं अंगाला लागायला लागलं. बाबा हसले आणि मग कितीतरी वेळ खोकत राहिले. बंपर त्यांनी हातानं खूण करून उजवीकडे ठेवायला लावले. 'जमलं' म्हणाले नाहीत.

सगळं झाल्यावर, म्हणाले. तेवढंच. आधी सगळं होऊ दे.

राहिली होती एक पट्टी. बॉनेटच्या मधोमध पुढून मागपर्यंत धावणारी, लांब, अरुंद, टोकाला निमुळती. भिंतीवर ती सगळ्यात खाली होती, जिथे हौदांचं पाणी उडतं, आणि गंजानं तिला चाळणीसारखी खाल्ली होती. चाकावर घासल्यावर ती इतकी पातळ झाली की हातात वाकू लागली. आता तिला तांबं चढवायचं, घासायचं, पुन्हा चढवायचं. हे म्हणाले, तीन-चार खेपा तरी लागतील. घाई करून चालणार नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टर आले होते. जाताना जिन्यात थांबून त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं की ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवा आणि काही दाखवायचं असेल तर आता दाखवून घ्या. हे मान हलवत राहिले. डॉक्टर फाटकाबाहेर गेले तरी मान हलतच होती.

दुसऱ्या दिवशी मी माळ संपवून खाली गेले तर पट्टी टेबलावर धुवून ठेवलेली होती. हे म्हणाले, तार बांध. मी बांधली आणि सवयीनं निळ्या हौदाकडे वळले. ह्यांनी माझ्या हातातून पट्टी घेतली आणि हिरव्या हौदात सोडली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"वेळ नाही गं," म्हणाले.

मीही रात्री बाबांच्या उशाशी बसून त्यांचा श्वास ऐकला होता. पट्टीवर हिरव्या पाण्यातून बारीक बुडबुडे चढत होते. हे थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी वर, छताकडे पाहिलं. बाबांना आदल्या रात्री ह्यांनी सांगून टाकलं होतं की पट्टी तांब्याच्या हौदात सोडली आहे, सोडलेली नसतानाच. म्हणजे आज ती चाकावर यायला हवी होती, आणि ते वर पडून तोच आवाज ऐकण्याची वाट बघत असणार.

हे चाकाशी गेले आणि मोटर चालू केली.

चाक घूं करून फिरू लागलं. ह्यांच्या हातात काही नव्हतं. पण दोन्ही हात त्यांनी पुढे धरले होते, पट्टी धरतात तसे, कोपरं अंगाशी घेऊन. आणि रिकाम्या हातांनी फिरत्या चाकासमोर ते उभे राहिले. पट्टी घासायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. चाकाचा वारा त्यांच्या पुढच्या केसांना लागत होता. मी तिकडे पाठ केली आणि तारेचे तुकडे आवरू लागले. आवरण्यासारखं काही नव्हतं.

चाक बंद झालं तेव्हा आम्ही दोघंही वरच्या काठीची वाट पाहत होतो. थोड्या वेळानं एकदा ठोकल्याचा आवाज आला. ठीक. ह्यांनी इतका वेळ अडकवून ठेवलेला श्वास सोडला.

पट्टीवर क्रोम चढला. पुसल्यावर ती अशी चमकली की माझंही मन क्षणभर फसलं. उजेडात तिरकी धरली तर खालच्या कडेला किंचित खरखरीत सावली दिसायची, बस्स. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबांचं खाणं झालं की ती वर न्यायची असं ठरलं. सकाळपासून हे आणि गॅरेजवाला अंगणात बाकीचं सगळं गाडीला बसवत होते. पान्ह्यांचा आवाज येत होता.

मी नेहमीसारखी कोमट पाणी घेऊन बाबांच्या खोलीत गेले. माझी माळ चालू होती, पदराखाली मणी सरकत होते. बाबांना माझं मौन माहीत. एरवी ते त्या वेळी बोलत नसत, बोलले तर 'पाणी गरम आहे का' एवढंच, आणि मी मानेनं उत्तर द्यायची. त्या दिवशी मी त्यांचं तोंड पुसलं, उशी नीट केली आणि निघाले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बैस," म्हणाले. "तुला बोलायला लागू नये म्हणूनच आत्ता बोलतोय."

मी खाटेच्या कडेला बसले.

श्वास जमवत, एकेक वाक्य करून ते बोलत होते. डोळे खिडकीकडे होते.

"काल चाक रिकामं फिरत होतं."

मणी माझ्या बोटात थांबला.

"लोखंड लागलं की चाक रडतं. तांबं लागलं की आवाज खाली बसतो. काल दोन्ही नाही. नुसतंच फिरत होतं." थोडं थांबून म्हणाले, "मान हलवू नकोस. हो पण नको, नाही पण नको. मला विचारायचं नाहीये."

मी मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली. माझे डोळे भरून आले ते त्यांना दिसलं नसावं. नाही, त्यांना कळलं असेल.

"रिकामे हात धरून उभा राहिला असेल," ते म्हणाले. "लहानपणी तसाच उभा राहायचा. मी घासत असलो की मागे उभा राहून हवेत हात धरायचा." मग खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाले, "पट्टी फुगेल. आज ना उद्या. फुगली की त्याला म्हणावं, तांबं घालून पुन्हा कर. मी म्हणालो म्हणून सांगू नकोस. तुझ्या मनानं सांग."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मी उठले. दाराशी पोचले तोवर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दुपारी हे पट्टी घेऊन वर आले. स्वच्छ धुतलेल्या फडक्यात गुंडाळून. आंघोळ करून, शर्ट बदलून आले होते. कारखान्यातली वस्तू वर नेताना त्यांनी शर्ट बदललेला मी पहिल्यांदा पाहिला. नणंदबाईही सकाळीच आल्या होत्या. त्या भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना कशातलंच काही माहीत नव्हतं. वाढदिवसाला आल्यासारख्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

बाबांनी पट्टी मांडीवर घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळवा फिरवला. मग नाकाची नळी काढायला हात वर नेला.

हे पटकन म्हणाले, "बाबा, राहू द्या. दम लागेल."

बाबांनी नळी काढली. पट्टी तोंडाजवळ नेली आणि 'हा' केलं. श्वास कसला, नुसता सुस्कारा. पट्टीवर बोराएवढं धुकं उमटलं आणि उमटतं न उमटतं तोच विरून गेलं. ठिपके दिसायला ते पुरेसं नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचे ओठ पांढरे पडले होते. बाबांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. पट्टी उलटीसुलटी केली आणि अंगठा खालच्या कडेवरून, त्या खरखरीत सावलीवरून, सावकाश नेला. अगदी सावकाश. टोकाला पोचून तो थांबला.

"जमलं," बाबा म्हणाले.

मग नणंदबाई हुंदका देऊन म्हणाल्या, दादा, ऐकलंस का, म्हणाले बघ. बाबांनी पट्टी ह्यांच्या हातात दिली. हे ती घेऊन जिना उतरले ते इतके घाईनं, की मला वाटलं पाय चुकेल.

थोड्या वेळानं आम्ही बाबांना खिडकीशी बसवलं. खाली अंगणात गाडी उभी होती, ताडपत्रीशिवाय. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं आणि जाळी, कड्या, बंपर, सगळं एकाच वेळी पेटल्यासारखं झालं होतं. बॉनेटवरून ती पट्टी सरळ धावत होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्यातलं किती दिसलं कोण जाणे. बाबा पुष्कळ वेळ बघत राहिले. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सवत नटली. मी ते मनातच म्हटलं. शेवटी बाबा म्हणाले, ताडपत्री घाला, धूळ बसेल.

त्याच आठवड्यात बाबा गेले. सकाळी, माझी माळ चालू असताना. मी हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा हे दारात येऊन उभेच होते, त्यांना न बोलवताच कळलं होतं.

पुढचे दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. नणंदबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या की शेवटी बाबांनी दादाला 'जमलं' म्हटलं हो, सगळी गाडी झाल्यावर, स्वतः श्वास सोडून बघून म्हटलं. त्या सांगायला लागल्या की हे उठून बाहेर जायचे. लोकांना वाटायचं, दुःख आवरत नाही. मला दिसत होतं की इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो घशात काट्यासारखा अडकला आहे, गिळवत नाही आणि बाहेरही काढवत नाही. 'रांगेत आहे' हा विनोद ह्यांनी पुन्हा केला नाही. कारखान्यात जायचे, गिऱ्हाइकांचं काम करायचे, पण वस्तू झाली की फडक्यानं पुसून बाजूला ठेवायचे. तिच्यावर श्वास सोडून बघायचे नाहीत.

मी सांगावं की सांगू नये? बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं. पण जाणाऱ्याचं म्हणणं वचनाहून हलकं कसं मानायचं? आणि दुसरं म्हणजे, सांगितलं तर तो शब्दही जाणार. न सांगितलं तर शब्द राहणार, पण चोरलेला. मी रोज मणी ओढताना हे घोळवत राहायची आणि माळ संपली की गप्पच राहायची.

हवेत ओल आली तशी पट्टी फुगली. हे ताडपत्री झटकायला गेले होते. मी दिवा लावून नुकतीच बसले होते, मणी हातात घेतलेले. हे आत आले आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसले. हातात पट्टी होती. खालच्या कडेला तांदळाएवढे फोड आले होते आणि टोकाकडे चांदीसारखा पापुद्रा सुटून वर आला होता. त्यांनी तो नखानं काढला. खाली लालसर गंज.

माझं मौन चालू आहे हे त्यांना दिसत होतं. कदाचित म्हणूनच बोलले असतील. बापलेकांची ही खोड एकच.

ते म्हणाले की मी ज्या माणसाला फसवलं त्यानं आयुष्यात कुणाला एक खोटा पदर चढवून दिला नाही. त्याचा श्वास पुरत नव्हता हे मला माहीत होतं. उलट तो पुरू नये असंच मला त्या वेळी वाटत होतं. बापाला दम लागावा, असं. म्हणाले, अगं, मी मनात तेच मागत होतो. आणि मग त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला. आता जन्मभर माझ्या कानात तो वाजणार, आणि तो माझा नाही.

मी मणी ओढत राहिले. पण ओठ नुसतेच हलत होते. मी रोज ज्याचं नाव घेते त्याला त्या दिवशी माझ्याकडून निम्मंच मिळालं असेल. माळ संपवली, दिव्याला नमस्कार केला आणि वळून ह्यांच्याकडे पाहिलं.

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं.

ह्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. कोमट पाणी, धरलेलं मनगट, चाक रिकामं फिरत होतं ते. हवेत हात धरून मागे उभं राहणारं लहान मूल. पट्टी फुगेल, तांबं घालून पुन्हा कर.

हे पट्टी मांडीवर घेऊन ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी पट्टीच्या त्या गंजलेल्या जागेवर अंगठा ठेवला.

"म्हणजे पट्टी जमली नव्हती," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

"मला वाटलंच होतं. इतकं सहज कसं म्हणाले." ते हसायला गेले आणि त्यांचा चेहरा मध्येच रडवेला झाला. मी पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्यात तशी सवय नाही. पण ठेवला.

त्यांच्यावरचं ओझं उतरलं का, हे मला आजही सांगता येणार नाही. एक गेलं आणि दुसरं आलं असावं. फसवल्याचं गेलं. पण तो शब्द, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोही त्याच्याबरोबर गेला. बापानं माया म्हणून दिला होता, कामासाठी नव्हे. माया काही कमी नाही. पण ह्यांनी ती मागितली नव्हती. त्यांनी दुसरं मागितलं होतं, आणि ते देणारा आता नव्हता.

त्याच दिवशी त्यांनी पट्टीचा मुलामा उतरवला. मग तांबं. मी तार बांधायची, निळ्या हौदात सोडायची, काढायची. हे पाण्याखाली पॉलिश कागदानं घासायचे, बोट फिरवायचे, मान हलवून पुन्हा माझ्याकडे द्यायचे. किती खेपा झाल्या ते आम्ही मोजलं नाही. कुणी घाई करणारं नव्हतं.

पट्टी चाकावर यायच्या दिवशी मी वर बाबांच्या खोलीत होते. खाट काढून टाकली होती, फरशीवर तिच्या पायांच्या चार खुणा राहिल्या होत्या. मी त्या पुसत होते. खाली मोटर सुरू झाली. आधी चाक नुसतंच फिरलं, हलकं, सैल. मी फडकं थांबवलं. तो आवाज मला आता ओळखू येत होता. मग तांबं लागलं असावं, आणि आवाज खाली बसला. जड, भरलेला, जमिनीतून पायांपर्यंत येणारा. मध्येच तो थोडा चढायचा, म्हणजे ह्यांनी पट्टी पुढे सरकवली, आणि पुन्हा बसायचा. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. बाबा रोज हे ऐकत पडायचे.

चाक बंद झालं. खाली काहीच हालचाल होत नव्हती. मला कळलं, हे छताकडे बघत उभे असणार.

काठी अजून कोपऱ्यात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, पण तिला हात लावला नाही. ते माझं काम नव्हतं. फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं, निकेलच्या हौदासाठी तारेचं भेंडोळं घेतलं आणि जिना उतरून खाली गेले.